चित्रात हवा कशी उतरते: बालाघाटाची सांज, जलरंग आणि आठवण

प्रश्न थोडक्यात असा आहे. गंगाखेडजवळच्या आजोळच्या गावाची थंडीतली सांज जलरंगात रंगवायची आहे. पुढं ज्वारी काढलेलं रान, एक-दोन बाभळी, गावावर चुलींचा धूर आणि दक्षिणेला बालाघाटाचा डोंगर. फोटोवरून काही चित्रं झाली. ड्रॉइंग ठीक आहे, रंग स्वच्छ आहेत. पण डोंगर पुढं येऊन बसतो आणि लहानपणी पाहिलेली ती वेळ चित्रात सापडत नाही. कुठं चुकतंय, आणि शेवटचं चित्र दुरुस्त होईल का?

पाठवलेल्या चित्रात दोन गोष्टी लगेच दिसतात. पहिली टोनची, म्हणजे उजळ-गडदपणाची. कोऱ्या कागदापासून काळ्यापर्यंत दहा पायऱ्या धरल्या, तर डोंगर आणि पुढची बाभूळ यांच्या गडदपणात जेमतेम एका पायरीचा फरक आहे. म्हणजे पाच-सहा किलोमीटरवरची वस्तू आणि पन्नास पावलांवरची वस्तू एकाच हवेत उभ्या केल्या आहेत. दुसरी चूक दिशेची. डोंगर दक्षिणेला आणि मावळतीचा केशरी रंग नेमका त्याच्या मागं भरलेला. फेब्रुवारीच्या मध्यात सूर्य पश्चिमेच्या बारा-तेरा अंश दक्षिणेला बुडतो. दक्षिणेकडं तोंड करून उभं राहिलं तर तो पार उजव्या हाताला जातो. समोरचं आकाश त्या वेळी फिकट गुलाबी-राखाडी असतं, उजव्या कडेला थोडं उबदार आणि डावीकडं सरकत थंड होत जाणारं. सूर्य बुडाल्यावर पूर्वेला क्षितिजालगत एक निळसर-करडा पट्टा वर चढताना दिसतो आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी झाक असते. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. चित्राच्या डाव्या कडेला त्याचा अगदी हलका वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, आला, तर बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण वेळ बरोबर कळते.

फोटोचं तेवढंच बोलून पुढं जाऊ. हल्लीचा मोबाईल एकाच क्षणाची अनेक एक्स्पोजर जोडतो, सावल्या उघडतो, आकाश दाबतो आणि कडा धारदार करतो. डोळ्यासमोर जे विरघळत होतं तेच तो पुन्हा उभं करून देतो. साधा कॅमेरा आकाशाचं माप घेतो आणि जमीन काळी ठार करतो. दोन्हींत दूरच्या डोंगराचा टोन खोटा. बाभळीची फांदी कुठून फुटते, देवळाचा कळस झाडांच्या किती वर जातो, यासाठी फोटो जरूर बघा. टोन मात्र फोटोवरून घेऊ नका.

आता हवा. निसर्गचित्राच्या पुस्तकांत ‘दूरचं ते निळं’ असं ठोकून दिलेलं असतं. मराठवाड्यात ते वर्षाचे काही महिनेच खरं ठरतं. डोंगराकडून डोळ्याकडं येणारा उजेड वाटेत विखुरतो, आणि मधली हवा आकाशाचा उजेड पकडून आपल्याकडं फेकते. हवेचे रेणू निळा भाग जास्त विखुरतात, म्हणून धुतलेल्या हवेत काळसर डोंगर निळा दिसतो. धुळीचे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे. ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. त्यामुळं धूळ वाढली की अंतर पांढुरकं होतं, आणि मातीच्या धुळीनं त्यात पिवळट झाक येते. दोन्ही हवांत एक गोष्ट मात्र सारखीच घडते: दूरच्या वस्तूतली सावली आधी उजळते, उजळ भाग फारसा हलत नाही. म्हणून दूरच्या डोंगरात ऊन आणि सावली यांतला फरक जवळपास मिटवायचा असतो. डोंगराच्या घळी गडद रंगानं ‘काढल्या’ की तो हमखास पुढं येतो. तुमच्या चित्रात तेच झालंय.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत पावसानं धुतलेली हवा टिकून असते. देवगिरीचा डोंगर असो, अजिंठ्याची रांग असो की बालाघाट, या दिवसांत सकाळी तो खरोखर निळा असतो. कोबाल्ट ब्लूमध्ये थोडा लाइट रेड एवढ्यात तो रंग सापडतो. पहाटे गोदाकाठी, नाथसागराच्या कडेनं, ओढ्याच्या सखल भागात धुई बसते. धुई जमिनीलगत असते, त्यामुळं झाडांचे बुंधे आधी हरवतात आणि शेंडे स्वच्छ राहतात. नवखे हात नेमके शेंडे विरघळवतात आणि बुंधे ठळक ठेवतात. मग धुईऐवजी ब्रशचं पाणी जास्त झाल्यासारखं दिसतं.

मार्च ते मे ही वेगळीच गोष्ट. रानं मोकळी, वखरलेली, वारा सुटलेला. क्षितिजाजवळचं आकाश राखाडी-पिवळं असतं आणि डोंगर त्याहून फक्त एका पायरीनं गडद. पुष्कळदा सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच त्या धुळीच्या पट्ट्यात विरून जातो. इथं डोंगरात निळा घातला की चित्र दुसऱ्याच मुलखाचं होतं. यलो ऑकर, थोडा अल्ट्रामरीन, कणभर लाइट रेड आणि भरपूर पाणी, एवढ्यानं भागतं. दुपारी या दिवसांत चित्राला बसू नये. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आधी लातूरकडं आणि मग छत्रपती संभाजीनगरकडं, सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि जमिनीला आकारच उरत नाही.

वळवाच्या पावसाआधीचा अर्धा तास माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात चित्रमय उजेड. एरवी आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं. वळीव चढून येताना मागं पाटीच्या रंगाचा ढग आणि पुढं अजून ऊन पडलेलं रान, म्हणजे नेहमीचा क्रम उलटा. कडब्याची गंजी त्या वेळी आकाशापेक्षा तीन-चार पायऱ्या उजळ असते. हा क्रम छोट्या स्केचमध्ये आधी मांडला नाही तर सवयीनं आकाश फिकट होतं आणि सगळं हातचं जातं. पावसाळ्याचं सांगायचं तर उजेड सपाट, अंतर एका किलोमीटरवरच संपतं, आणि चित्र उभं राहतं ते डबक्यातल्या आकाशावर.

तुमची सांज जानेवारी-फेब्रुवारीची, म्हणजे या दोन हवांच्या सीमेवरची. निळेपणा ओसरत आलेला, धूळ अजून चढलेली नाही. त्यामुळं डोंगर राखाडी-जांभळा, अल्ट्रामरीन आणि लाइट रेडच्या फिकट मिश्रणाचा.

काळ्या मातीबद्दल एक इशारा. ओली काळी माती अंगावर पडलेल्या उजेडाचा जेमतेम दहावा हिस्सा परत देते, म्हणून ती चित्रात सगळ्यात गडद असणार असा समज होतो. पण सांजेला जमीन आपल्याला तिरकी दिसते आणि वाळलेल्या ढेकळांवर आकाशाचा उजेड बसतो. तेव्हा तीच माती जांभळट करडी होते आणि बाभळीपेक्षा निश्चित उजळ असते. ट्यूबमधला काळा इथं कामाचा नाही. तो उजेड गिळतो आणि पुढचा भाग मेल्यासारखा करतो. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळा. सिएना जास्त झाला तर उबदार माती, अल्ट्रामरीन जास्त झाला तर थंड, आणि एकाच रानात दोन्ही लागतात. ज्वारीची धसकटं असलेला पट्टा मात्र फिकटच राहतो. तो आणि नांगरलेला काळा पट्टा यांची शेजारसंगत हीच त्या मुलखाची ओळख आहे.

आठवणीतून रंगवण्याकडं वळतो, कारण प्रश्नाचा खरा गाभा तिथं आहे. आठवण तपशील ठेवत नाही. ती दोन-तीन गोष्टी ठेवते: कुठं उजेड होता, कुठं अंधार साचला होता, हवा उबदार होती की गार. चित्रालाही नेमकं तेवढंच लागतं. पण आठवण खोटंही बोलते. ती रंग भडक करते, घर मोठं करते आणि दोन वेगवेगळ्या संध्याकाळी एकात मिसळते. म्हणून तिला शिस्त लावावी लागते. व्हिस्लर या चित्रकारानं १८७० च्या दशकात थेम्सकाठच्या रात्रींची चित्रं केली, ती अशाच शिस्तीनं: काठावर उभं राहून दृश्य डोळ्यांत साठवायचं, मग पाठ फिरवून सोबत्याला ते तोंडी सांगायचं, चुकलं तर पुन्हा बघायचं, आणि रंगवायचं ते घरी जाऊन. पॅरिसमध्ये त्याच शतकात लकॉक द ब्वाबोद्राँ या कलाशिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्मरणातून चित्र काढण्याचं रीतसर शिक्षण दिलं होतं.

हे आपल्याकडं असं करता येईल. शक्य असेल तर त्याच ऋतूत गावी जा. गाव जमलं नाही तर परभणीच्या बाहेरचं कुठलंही मोकळं रान चालेल. फेब्रुवारीच्या मध्यात त्या बाजूला सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान बुडतो. अर्धा तास आधी पोचा. आपल्या अक्षांशावर सूर्य तिरका न जाता बराचसा सरळ खाली उतरतो, त्यामुळं संधिप्रकाश झटपट आटोपतो. बुडाल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत रंग ओळखता येईनासे होतात. युरोपातल्या चित्रकारांना याच कामाला कितीतरी जास्त वेळ मिळतो, म्हणून त्यांच्या पद्धतीनं तिथंच बसून चित्र पुरं करायचा हट्ट इथं चालत नाही. रंग नेऊच नका. वही आणि ४बी पेन्सिल न्या. दहा मिनिटं नुसतं बघा, डोळे किलकिले करून. मग पाठ फिरवा आणि लिहा: सगळ्यात उजळ जागा कोणती, सगळ्यात गडद कोणती, डोंगर आकाशापेक्षा किती गडद, कुठली कड स्वच्छ दिसते आणि कुठली हरवते. उदाहरणार्थ: ‘सूर्य बुडून दहा मिनिटं. सगळ्यात उजळ: उजवीकडचं आकाश. गडद: बाभळीचा बुंधा. धूर आडवा, झाडांच्या निम्म्यावर. डोंगराचा पाय दिसत नाही, माथा दिसतो. धसकटं आकाशापेक्षा दोन पायऱ्या खाली.’ एवढं पुरे. ‘फार सुंदर, गूढ’ असं काही लिहू नका. दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नोंद न बघता, दोन बाय तीन इंचांची चार-पाच छोटी स्केचं करा. त्यानंतर नोंद उघडा आणि ताडून बघा. जे स्केचमध्ये आपोआप आलं ते चित्रात ठेवायचं. जे नोंदीत आहे पण हातातून सुटलं, त्याचा विचार करायचा. आणि जे दोन्हींत नाही, ते फोटोत कितीही छान दिसत असलं तरी सोडून द्यायचं. लहानपणीच्या आठवणीलाही हीच चाळणी लावा. बैलगाडी, डोक्यावर घागर घेतलेली बाई, कौलारू घर ही मंडळी पुष्कळदा आठवणीतून येत नाहीत, कॅलेंडरातून येतात. गंगाखेडकडं जुनी घरं माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याची. चित्रात उतरतं छप्पर आलं की समजावं, हात आपला नाही. विजेचे खांबही सवयीनं गाळू नका. एक खांब योग्य जागी आला तर अंतराचं माप देतो.

यानंतर टोनची पायरी. कोरा कागद म्हणजे १ आणि काळा म्हणजे १०, अशी दहा चौकोनांची पट्टी एकाच रंगात, सेपिया किंवा बर्न्ट अंबरमध्ये करून ठेवा. या सांजेसाठी मांडणी अशी धरता येईल: आकाश ३, डाव्या कडेला ४, डोंगराची मागची रांग ४, पुढची ५, धूर ३ ते ४, धसकटांचा पट्टा ५, गावातली झाडं ६, नांगरलेली माती ७, बाभूळ ८. इथं १ आणि १० कुठंच नाही, आणि सांजेचा सगळा भाव त्या दोन टोकांच्या अभावात आहे. एखादा दिवा दाखवायचा असेल तर तेवढाच २, आणि तो दाण्याएवढा. नवख्या चित्रात हटकून होतं ते असं: आकाश कोरं ठेवलं जातं, बाभूळ काळी कुळकुळीत होते, आणि मधल्या पायऱ्यांना जागाच उरत नाही. तसलं चित्र लांबून उठून दिसतं खरं, पण त्यात हवा नसते.

रंग कमी ठेवा: अल्ट्रामरीन, कोबाल्ट, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना. पाच पुरतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ आणि पांढरा एवढ्यावर बहुतेक काम केलं. निळ्यासाठी लाजवर्द हा निळा दगड तेवढा बाहेरून यायचा. त्या चित्रांत दूरची हवा नाही, तो त्यांचा प्रश्नच नव्हता. पण मातीच्या रंगांनी या मुलखाचा उजेड किती लांबवर पेलतो हे तिथं दिसतं. क्रिमझन लेकसारखे उडणारे लाल टाळा. त्या गुलाबी आकाशासाठी लाइट रेड फिकट केला तरी पुरतो आणि तो टिकतो.

प्रत्यक्ष काम. कागद ३०० जीएसएमचा (जाड), सुती, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत), ११ बाय १५ इंच. बोर्डला चारही बाजूंनी टेपनं चिकटवा, वरची बाजू दोनेक इंच उचला. रंग आधी घोळून ठेवायचे, मध्येच घोळायला वेळ मिळणार नाही. तीन वाट्या: पहिल्यात यलो ऑकर आणि कणभर लाइट रेड, चहाइतका पातळ, दुसऱ्यात अल्ट्रामरीन आणि लाइट रेडचा करडा जांभळा, दुधाइतका, तिसऱ्यात अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा गडद, सायीइतका दाट. जलरंग वाळल्यावर एक पायरी फिकट होतो, तेवढा हिशेब धरून घोळा.

सगळा कागद स्वच्छ पाण्यानं ओला करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा ओला करा. वरून दुसऱ्या वाटीतला रंग पातळ करून सोडा, खाली येताना पहिल्या वाटीकडं वळा आणि थांबू नका: क्षितिज ओलांडून थेट जमिनीपर्यंत एकच वॉश न्या. आकाश आणि जमीन वेगवेगळी रंगवली की दोघांतला उजेड तुटतो. हा पहिला वॉश चित्रभर राहिला, तरच पुढं सगळं एका वेळेचं दिसतं.

ओल चमकते आहे तोवर हात लावू नका. कागद तिरका धरून बघा. चमक जाऊन तो मंद, रेशमी दिसायला लागला की डोंगराची मागची रांग टाका. ब्रशमधला रंग कागदापेक्षा कोरडा हवा, हे विसरू नका. ब्रश जास्त ओला असेल तर पाणी रंगाला ढकलत बाहेर नेतं आणि दातेरी कडेचा डाग उमटतो. तो पुसत बसलं की वाढतोच. डोंगराचा माथा किंचित मऊ येईल, तसाच हवा. लगेच दुसरा, स्वच्छ आणि पिळलेला ब्रश घेऊन डोंगराचा पाय खाली ओढून विरवा. डोंगराची खालची कड कधीही पूर्ण करायची नाही. आता पूर्ण वाळू द्या. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा; गार लागला तर आतून ओला आहे.

धुराकडं जरा सावकाश बघू, कारण त्या सांजेची ओळख तोच आहे. थंडीत सूर्य कलला की उघडं रान भराभर गार होतं आणि त्याला टेकलेली हवाही गार, जड होते; वरची हवा अजून उबदार असते. चुलीचा धूर थोडा वर जातो, त्या उबदार थराखाली अडतो आणि आडवा पसरतो. म्हणून तो गावावर एका उंचीवर, सपाट पट्ट्यासारखा तरंगतो, साधारण लिंब-चिंचांच्या निम्म्यावर. प्रत्येक घरातून वळणावळणाची वेगळी रेघ काढली की ते पावसाळ्याआधीच्या वाऱ्याचं किंवा कुठलंच नसलेलं दृश्य होतं. धुराचा रंगही त्याच्या मागं काय आहे त्यावर ठरतो. मागं गडद झाड किंवा डोंगर असेल तर धूर निळसर दिसतो, कारण आपल्याकडं येतो तो धुरानं विखुरलेला उजेड. तोच धूर वर येऊन उजळ आकाशावर गेला की तपकिरी-पिवळट होतो, कारण आता निळा भाग विखुरून गेलेला उरलेला उजेड दिसतो. एकाच पट्ट्यात हा बदल दाखवता आला तर पांढरा रंग वापरायची गरज पडत नाही.

करायचं असं: गावाची झाडं दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटीच्या मिश्रणानं कोरड्या कागदावर वरून टाकायला घ्या. शेंडे थोडे तुटक, स्वच्छ. धुराच्या उंचीवर आलात की ब्रश उचला, त्या पट्ट्यात नुसतं पाणी लावा आणि झाडाचा रंग त्यात आपोआप उतरू द्या. पट्ट्याच्या खाली पुन्हा रंग, पण अर्धी पायरी फिकट. धूर रंगवला जात नाही, झाडांमध्ये सोडला जातो. माळवदांच्या सपाट कडा त्याच्याखाली एक-दोन ठिकाणीच दिसू द्या.

बाभूळ सगळ्यात शेवटी. तिचा पसारा वरून चपटा, आतून आकाश दिसणारा. पानं बारीक, म्हणून ब्रश आडवा धरून कोरडा फिरवला की कागदाच्या पोतावर तो विरळपणा आपसूक येतो. बुंधा गडद, पण जिथं तो धसकटांच्या पट्ट्यापुढं येतो तिथंच एक कड धारदार ठेवा. चित्रात धारदार कडा दोन-तीनच हव्यात, आणि त्या सगळ्या एकमेकींजवळ.

मराठवाड्यातल्या हवेच्या दोन अडचणी. फेब्रुवारीत ओल्या कागदाला पाच-सात मिनिटं मिळतात. एप्रिल-मेमध्ये दीड-दोन मिनिटांत कागद खडखडीत. उन्हाळ्यात काम करायचं झालं तर कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या शीटवर चिकटवा, पंखा बंद ठेवा आणि पेलाभर पाण्यात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब घाला. जास्त घातलं तर रंग चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. दुसरी अडचण पाण्याची. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, जड. त्यात अल्ट्रामरीन फाटल्यासारखा दाणेदार होतो आणि वॉश सपाट लागत नाही. पिण्याचं फिल्टरचं पाणीच वापरा. पावसाळ्यात कागद सादळला तर त्याचं सायझिंग, म्हणजे रंग आत शोषू न देणारा लेप, जातं. वॉश टाकल्यावर ठिपक्याठिपक्यांनी रंग आत शोषला गेला तर तो कागद सरावाला ठेवा.

पुढं हेच चित्र तैलरंगात करायचं मनात असेल तर धुराचं आणि हवेचं काम आणखी सोपं जातं. कॅनव्हासला बर्न्ट सिएना आणि रॉ अंबरचा पातळ थर टर्पेंटाइनमध्ये देऊन वाळवा. डोंगर जितका गडद दिसायला हवा त्यापेक्षा दोन पायऱ्या गडदच रंगवा आणि पूर्ण वाळू द्या. अंबर एक-दोन दिवसांत सुकतो, टिटॅनियम व्हाइट असलेल्या भागाला आठवडा लागू शकतो. मग टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर आणि किंचित अल्ट्रामरीन यांचं कोरडं मिश्रण राठ केसांच्या ब्रशवर घेऊन डोंगरावर अगदी पातळ घासा. गडदावर फिकट अपारदर्शक थर निळसर दिसतो, कारण तिथंही उजेड तसाच विखुरतो. उलट फिकटावर गडद पारदर्शक थर दिला की तो उबदार होतो. तेलाचं प्रमाण प्रत्येक वरच्या थरात थोडं जास्त हवं, नाहीतर पुढं तडे जातात. ओला कॅनव्हास उन्हाळ्यात अंगणात ठेवू नका.

राहिलं शेवटचं चित्र. ते वाचेल, पण आधी ट्यूबवर बघा निळा कोणता होता. अल्ट्रामरीन, म्हणजे ट्यूबवरच्या रंगद्रव्याच्या खुणेत पीबी २९, असेल तर कागदावरून बराच उचलला जातो. थॅलो ब्लू पीबी १५ किंवा प्रशियन ब्लू पीबी २७ असेल तर तो धाग्यांत मुरलेला असतो आणि फारसा हलणार नाही. डोंगरावर स्वच्छ पाणी लावून अर्धा मिनिट थांबा, ओल्या राठ ब्रशनं हलकेच वरून खाली चोळा आणि टिश्यूनं टिपा. घासू नका, टिपा. डोंगराचा पाय माथ्यापेक्षा जास्त उचला. केशरी आकाशावर, ते पूर्ण वाळलेलं असताना, कोबाल्टचा चहाइतका पातळ वॉश रुंद मऊ ब्रशनं एकाच फेऱ्यात द्या; केशरी आणि निळा एकमेकांना मारतात आणि राखाडी-गुलाबी उरतो. त्याच फेऱ्यात डोंगरावरूनही ब्रश जाऊ द्या. दुसऱ्यांदा फिरवलात तर खालचा रंग उठेल. बाभळीला हात लावू नका. डोंगर दोन पायऱ्या मागं गेला की ती आपल्या जागेवर येते. एवढं करूनही डोंगर हलला नाही, तर तोच कागद उलटा करून पाठीवर नवं चित्र सुरू करा. ३०० जीएसएमचा सुती कागद तेवढं सहज सोसतो.